सुमतीबाईंचा वाढलेला आकडा

प्रभाकरराव मेस्त्री म्हणजे आकड्यांचा माणूस. मोहन्याच्या रेयॉन कारखान्यात एकतीस वर्षं बॉयलरवर काढली. दर तासाला गेज बघायचा, काटा दाखवेल तोच आकडा वहीत लिहायचा. पाळी संपताना अंदाजपंचे आकडे भरणाऱ्यांना हा गृहस्थ बिनदिक्कत शिव्या घालायचा. अशा माणसाने आयुष्यात एकच आकडा बिघडवला, आणि तो बायकोच्या मेंदूचा.

सुमतीबाईंना अल्झायमर झाला तेव्हा मुलगी हेमांगी डोंबिवलीहून आली. "बाबा, तुम्हाला एकट्याला झेपणार नाहीये. बदलापूरला चांगली संस्था आहे, मी बघून आलेय." प्रभाकरराव अडून बसले. नौपाड्यात एका डॉक्टरांकडे नव्या औषधाची चाचणी चालू होती. सहा महिने औषध द्यायचं, आणि मेंदूला रक्त किती पोचतं ते आधी एकदा, नंतर एकदा एमआरआयमध्ये मोजायचं.

"तेवढे सहा महिने दे," ते लेकीला म्हणाले. "आकडा वाढला तर तुझी आई घरीच राहील. नाही वाढला तर तू म्हणशील तसं."

चाचणी घेणाऱ्या डॉक्टर योगिनींनी बजावलं होतं, तपासणीच्या दिवशी चहा-कॉफी अजिबात नको, त्याने मेंदूतला रक्तप्रवाह कमी होतो. पण सुमतीबाई चहावाचून जागच्या हलत नसत. पहिल्या तपासणीच्या सकाळी ओट्यापाशी उभ्या राहून "अहो, चहा" म्हणत त्या रडायलाच लागल्या. प्रभाकररावांचा जीव कळवळला. आधी अर्धा कप दिला, मग उरलेला अर्धाही दिला. नौपाड्यात विचारलं तेव्हा "नाही घेतला" म्हणून मोकळे झाले. कपभर चहाने असा काय फरक पडणार होता?

सहा महिन्यांनी दुसरी तपासणी झाली आणि डॉक्टर योगिनी हसतच बाहेर आल्या. "काका, रक्तप्रवाह चांगलाच वाढलाय."

प्रभाकररावांनी शेजारी बसलेल्या बायकोचा हात घट्ट धरला. हेमांगीला फोन लावायला दुसरा हात खिशात गेला, तेवढ्यात डॉक्टरांनी सहज विचारलं, "आजही चहा दिला नाही ना?"

"नाही," ते म्हणाले, आणि हे खरं होतं. आज तिने चहा मागितलाच नव्हता. आजच कशाला, गेले तीन आठवडे मागितला नव्हता. समोर ठेवला तर प्यायची, नाही तर नाही. सकाळची कटकट मिटली म्हणून त्यांना हायसंच वाटलं होतं. त्या हायसं वाटण्याची आता त्यांना लाज वाटली.

गप्प बसले असते तर कुणाला पत्ता लागला नसता, आणि सुमतीबाई घरी राहिल्या असत्या. खिशात गेलेला हात त्यांनी रिकामाच बाहेर काढला.

"डॉक्टर, पहिला आकडा खोडा. त्या दिवशी तिने चहा घेतला होता. मी खोटं बोललो."

योगिनी रागावल्या नाहीत, तेच त्यांना जड गेलं. "मग वाढ औषधाने झाली की चहा नसल्याने, ते सांगता येणार नाही, काका," त्या म्हणाल्या. "पण आज चहावाचून कसं निभावलंत?"

"निभावावं लागलंच नाही. ती विसरली."

खाली आल्यावर बायकोला एका बाकावर बसवून त्यांनी फोन लावला.

"काय आलं बाबा?" हेमांगीने विचारलं.

"आकडा वाढलाय, पण तो खरा नाही. तू बदलापूरला जागा आहे का विचार." त्यांनी बाकावरच्या बायकोकडे पाहिलं. "आणि त्यांना सांगून ठेव, ती मागणार नाही, तरी सकाळी चहा द्यायचा."