स्वप्न एकालाच पडलं

हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या मोठ्या लाँड्रीत इस्त्रीवालीचे केस पांढरे झाले. ओली चादर झटकायची, वाफेच्या प्रेसवर पसरायची, झाकण दाबायचं. बोलायला फटकळ, हसायला कंजूष. तरुणपणी तिला एक मुलगी होती, चिमणी. नुकती चालायला लागलेली, पाण्याला 'आणी' म्हणणारी.

लाँड्रीच्या मागच्या भिंतीला लागून कामगारांच्या मुलांचं पाळणाघर होतं आणि भिंतीपलीकडे बॉयलर. ही अक्कल कुणाची, ते कधी बाहेर आलं नाही. एका दुपारी बॉयलर फुटला आणि भिंत आत कोसळली. आतली सगळी मुलं गेली, चिमणीही. वाचली ती एकच, कामावर देखरेख करणाऱ्या मुकादमीणबाईंची मुलगी. त्या नुकत्याच तिला उचलून घरी घेऊन गेल्या होत्या.

दोघी एकाच चर्चच्या. दर नाताळाला उपासनेत मुकादमीणबाई लेकीला शेजारी उभं करून साक्ष द्यायच्या. "त्या दुपारी मनात आवाज आला, ऊठ, लेकराला घे आणि नीघ. योसेफाला स्वप्नात सांगितलं, तसं देवानं मला सांगितलं." मंडळींचे डोळे भरून यायचे. इस्त्रीवाली मान खाली घालून ऐकायची. एकदा तर शेजारची बाई तिच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडली, साक्ष किती छान झाली म्हणून.

इस्त्रीवालीच्या नवऱ्यानं आधी चर्चला येणं सोडलं, मग घरी येणं सोडलं. ती मात्र येत राहिली. "देवाशी भांडायचं तर त्याच्या घरी जाऊनच भांडावं," म्हणायची.

भांडण नाताळच्या गोष्टीवरूनच होतं. मेंढपाळ आले, ज्ञानी लोकांनी गोठ्यातल्या बाळापुढे भेटी ठेवल्या, इथे बाकीचे थांबायचे. तिची गोष्ट पुढे चालायची. चिडलेला राजा गावातली तान्ही बाळं मारायला शिपाई पाठवतो, सुतार योसेफाला आधीच स्वप्न पडतं, तो बायको-बाळाला घेऊन परदेशी पळतो. आणि मागे गावात शिपाई दारं फोडतात.

एकदा तिनं चर्चच्या पाळकसाहेबांना गाठलं. "साहेब, स्वप्न एकालाच का पडलं? बाकीचे बाप काय जागे होते?"

"बाई, देवाची योजना आपल्याला कशी कळणार?"

"ज्याचं लेकरू वाचतं त्याला बरी कळते."

पाळकसाहेबांना नेमकं तेव्हाच कुठेतरी जायचं होतं.

पुढे मुकादमीणबाईंच्या लेकीचं लग्न ठरलं. त्या नाताळाला साक्षीत एक वाक्य वाढलं, "देवानं हिला निवडलं." इस्त्रीवालीच्या काळजात ते रुतलं. उपासनेनंतर चर्चच्या मागच्या खोलीत मुकादमीणबाई चहाचे कप विसळत होत्या. ती त्यांच्या पाठीशी जाऊन उभी राहिली.

"बाई, माझी चिमणी तुमच्या लेकीशेजारीच झोपली होती. दुसरा हात मोकळा होता ना?"

"आवाजानं माझ्या लेकीला घे म्हटलं, गं."

"आणि बाकीची राहू देत म्हणाला?"

कप आपटला. मुकादमीणबाईंचा आवाज चिरकला. "कसला आवाज! बॉयलरवाल्यानं सांगितलं, आज याचं काही खरं नाही. मालकाच्या कानावर घातलं, तर तो म्हणाला, बोभाटा केलास तर उद्यापासून येऊ नकोस. मग काय करू? गावभर ओरडून घरी बसू? तूही हेच केलं असतंस!"

'नाही' हा शब्द इस्त्रीवालीच्या ओठांपर्यंत आला आणि तिथेच थांबला. ती तशीच बाहेर पडली.

चालता चालता तिला कळलं की इतकी वर्षं आपण देवाला ज्या गोष्टीचा जाब विचारत होतो, ती त्यानं केलीच नव्हती. तेवढ्यानं चिमणी परत येणार नव्हती. पण मग नाताळच्या गोष्टीतली, परदेशी पळालेली ती आई तिच्या डोळ्यांपुढे आली. गावाची बातमी कुणा वाटसरूनं तिला सांगितलीच असेल. तिनं देवाचे आभार मानले असतील? इस्त्रीवालीला वाटलं, नसतील. बाळाला उराशी धरून तिनं त्या घरांची नावं घेतली असतील. बाळ ती नावं ऐकतच मोठं झालं असेल. म्हणूनच मोठेपणी शिपाई त्याला क्रुसासाठी धरायला आले तेव्हा वाट मोकळी असूनही तो पळाला नाही. गोठ्यातलं ते बाळ आपल्या बाजूचं आहे, असं तिला पहिल्यांदा वाटलं.

तिनं पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. "झालं गेलं," ते म्हणाले, "त्यांच्याकडे लग्न तोंडावर आहे." बायका म्हणाल्या, "नाताळात असलं उकरून काढतात का?" शेजारी बसणारी बाई दुसऱ्या बाकावर गेली.

पुढच्या नाताळाला मुकादमीणबाई पुन्हा उभ्या राहिल्या. "देवानं एका साध्या माणसाच्या तोंडून मला सावध केलं," त्या म्हणाल्या. डोळे पुन्हा भरले.

मग इस्त्रीवाली उठली. मोठ्यानं, एकेक करून ती भिंतीखाली गेलेल्या मुलांची नावं घेऊ लागली. दोन नावं झाली असतील नसतील, पाळकसाहेबांनी पेटीवाल्याला खूण केली. आनंदाचं गीत सुरू झालं, सगळे उभे राहून गाऊ लागले, नेहमीपेक्षा जोरात. लग्न झालेली ती लेक तेवढी चपलांकडे बघत गप्प उभी होती. इस्त्रीवालीचे ओठ हलत राहिले. चिमणीचं नाव तिनं शेवटी घेतलं, पण ते कुणालाच ऐकू गेलं नाही.