उपवासाला चालतं

“टीचर, ये बीमारी जाएगी नहीं. इसको संभालना है,” डॉक्टर म्हणाले आणि माझ्या रिपोर्टमधल्या एका आकड्याभोवती त्यांनी पेनाने गोल काढला.

तो आकडा क्रिएटिनिनचा होता. किडनी रक्तातून जी घाण गाळून बाहेर टाकते, त्यातलाच हा एक पदार्थ. तो रक्तात साचायला लागला की समजायचं, गाळणी नीट चालत नाही. माझ्या दोन्ही किडन्या मिळून जेमतेम पाचव्या हिश्श्याचं काम करत होत्या. आजाराचं नाव क्रॉनिक किडनी डिसीज, स्टेज फोर. स्टेज फाइव्हनंतर डायलिसिस, म्हणजे आठवड्यातून दोन-तीनदा मशीनला लावून रक्त धुऊन घ्यायचं.

“डायलिसिस कब?” एवढंच माझ्या तोंडून निघालं.

“सालों टल सकता है. और एक गलती हुई, तो अगले महीने भी लग सकता है.”

ही ‘एक गलती’ माझ्या डोक्यात जी बसली, ती आजपर्यंत उठलेली नाही. माझं वय एक्कावन्न. तेलंगणात आदिलाबादजवळच्या एका सरकारी मराठी शाळेत मी शिकवते. दहा वर्षांपासून बीपी आहे, आणि गोळी आठवली तर घ्यायची अशी माझी पद्धत होती. पायावर सूज यायची ती उभं राहून शिकवल्यामुळे, असं मी स्वतःलाच पटवून दिलं होतं. दुसऱ्याच्या मुलांना आरोग्याचा धडा शिकवणाऱ्या बाईची ही अक्कल.

तेव्हा आषाढ चालू होता. दवाखान्याच्या बाकावर बसून मी आधी मोबाइलमध्ये कॅलेंडर उघडलं. हसू नका. तुम्हाला असा आजार झाला तर तुम्हीही तेच कराल. पोळा, गणपती, गौरी, पितरं, नवरात्र, दसरा, दिवाळी. आमच्याकडे शाळेला मोठी सुट्टी दसऱ्याची असते, दिवाळीला एखाद-दुसरा दिवस मिळतो. त्यामुळे पाहुणे, माहेरवाशिणी, जेवणावळी सगळं दसऱ्याच्या आसपास. घरातली थोरली सून मी.

डॉक्टरांनी पथ्य सांगितलं. मीठ अगदी कमी. डाळ कमी, मटण बंद. दिवसभरात पाणी सव्वा लिटर, चहासकट. दुखण्याची गोळी मनाने घ्यायची नाही. शेवटी ते म्हणाले, “पोटॅशियम अभी ठीक है, फल थोड़ा देख के.” पोटॅशियम म्हणजे फळं, कंदमुळं, दाणे यांत असणारा एक क्षार. किडनी थकली की तो रक्तात साचू शकतो आणि हृदयाचे ठोके बिघडवतो. हे मला आज माहीत आहे. त्या दिवशी ‘ठीक है’ ऐकलं आणि मी तो शब्द विसरून गेले.

पोळ्याला दिराकडे गेलो. पुरणपोळीचं ताट नको म्हटलं तर धाकटी जाऊ म्हणाली, “थोडंसं खाल्ल्यानं काय होते वं? बैलाचा सण आहे.” अर्धी पोळी खाल्ली आणि रात्रभर घोट्यावर अंगठा दाबून खळगा पडतो का ते बघत बसले. पुढे तो चाळाच लागला. वर्गात मुलं गणितं सोडवत असायची आणि मी टेबलाखाली वाकून घोटा दाबत असायची. गौरीच्या जेवणात मी वाढत राहिले, म्हणजे कोणाच्या लक्षात आलं नाही. सणाचं भय वाटायला लागलं होतं मला. कुठे ढोल वाजला की मी आधी कॅलेंडर उघडायची.

मग नवरात्र जवळ आलं. आमच्या घरी घट बसतात. सासूबाईंनी पंचेचाळीस वर्षं नऊ दिवसांचे उपवास केले आणि मग ते व्रत माझ्या पदरात टाकलं. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. त्या म्हणाल्या, “तुयाच्यानं होत नसन त नको करू, बाई. उठता-बसता कर.” उठता-बसता म्हणजे घट बसतो त्या दिवशी आणि उठतो त्या दिवशी, दोनच उपवास. पण त्यांच्या आवाजात जी निराशा होती, ती मला ऐकू आली. मी म्हटलं, डॉक्टरांना विचारते.

इथे माझा शहाणपणा आडवा आला. डॉक्टर तेलुगू. माझं तेलुगू चांगलं आहे आणि मला त्याचा गर्व आहे. नेहमी ते माझ्याशी हिंदीत बोलतात, म्हणून या वेळी मुद्दाम तेलुगूत विचारलं, “डॉक्टरगारू, तोम्मिदि रोजुलु उपवासम चेयोच्चा?” नऊ दिवस उपवास करू का?

“उपवासमा? परवालेदु,” ते म्हणाले. हरकत नाही. गोळ्या चुकवू नका, संध्याकाळी बेताने जेवा. बाहेर मोठी रांग होती. मी उठले. एवढा आनंद मला वर्षभरात झाला नव्हता.

घरी येऊन मी हिशेब मांडला. उपवासाला डाळ नाही. मटणाचा प्रश्नच नाही. मिठाऐवजी शेंदेलोण. म्हणजे हे सगळं किडनीचंच पथ्य, देवीने आपल्यासाठीच नेमून दिलेलं. ह्यांनाही पटलं. हे महसूल खात्यात कारकून आहेत, कागद बघितल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवत नाहीत, पण या बाबतीत तेसुद्धा म्हणाले, “हे बेस झालं.”

मग सुरू झालं. सकाळी केळं. दुपारी भगर आणि दाण्याची आमटी, सोबत बटाट्याची भाजी. चार वाजता उकडलेलं रताळं. सासूबाई रोज हौसेने बटाटे उकडून ठेवायच्या. पाणी मोजून प्यायचं असल्यामुळे त्यातलाच एक पेला नारळपाण्याचा, अशक्तपणा येऊ नये म्हणून. पाचव्या दिवसापर्यंत घोट्यावर खळगाही पडला नाही. मी देवीपुढे हात जोडून रडले, बरं वाटलं म्हणून.

सातव्या दिवशी दुपारी मी खाली बसून घटावर सोडायची माळ ओवत होते. बाहेर गल्लीतल्या बायका बतुकम्मासाठी, म्हणजे इकडच्या फुलांच्या सणासाठी, फुलं निवडत होत्या, मला हाका मारत होत्या. माळ झाली आणि मी उठायला गेले, तर पाय उठेनात. मुंग्या नव्हत्या, दुखत नव्हतं. पायांना सांगितलेलं ऐकूच जात नव्हतं.

“काऊन बसून राह्यली? माळ चढवाची नाई का?” सासूबाईंनी विचारलं.

“आई, पाय उचलून नाई राह्यले.”

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ह्यांना हाक मारली. ती हाक मी जन्मभर विसरणार नाही. छातीत मधेच एक ठोका गळत होता, मग दोन एकदम पडत होते. ऑटोत मी एकच विचार करत होते, झाली ती एक गलती, पण कुठली?

दवाखान्यात आधी ईसीजी काढला. ईसीजी म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख. त्यात माझ्या ठोक्यांची टोकं उंच आणि अणकुचीदार आली होती. डॉक्टर कागद हातात घेऊन धावतच आले. पोटॅशियम इतकं वाढलं होतं की हृदय कधीही थांबलं असतं, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. तेव्हा फक्त विचारलं, “येमि तिन्नारम्मा?” काय खाल्लं?

मी अभिमानाने तेलुगूतच म्हटलं, “काही नाही. उपवास आहे.”

“काहीच नाही?” त्यांना कोडं पडलं. काही न खाता पोटॅशियम एवढं वाढेल कसं? तेव्हा हे बोलले. हिंदीत, आपल्या दफ्तरी पद्धतीने, सकाळपासून क्रमवार सांगितलं. केला, आलू, शकरकंद, मूंगफली, नारियल पानी.

डॉक्टर ऐकत राहिले. मग त्यांनी कपाळाला हात लावला. “इदि उपवासमा, अम्मा?” याला उपवास म्हणतात?

तेलुगूत उपवास म्हणजे उपाशी राहणं. आमच्या भागातले तेलुगू लोक त्याला ओक्कपोद्दुही म्हणतात, दिवसभर काही न खाता एक वेळचं साधं जेवण. डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी वरण-भात खाणारी बाई होती. एकादशी दुप्पट खाशी हे त्यांना कोण सांगणार? शब्द दोन्ही भाषांत तोच, म्हणून त्यांनी ताट विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. चूक त्यांची म्हणवत नाही. मला या दोन्ही भाषा येत होत्या, त्यांना त्यातली एकच.

हृदयाला आधार म्हणून कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं. मग ग्लुकोजसोबत इन्सुलिन, जे पोटॅशियमला रक्तातून पेशींमध्ये ढकलतं. नाकातोंडावर वाफेचा मास्क. पाण्यात कालवून एक पावडर प्यायला दिली, ती ओल्या वाळूसारखी लागते. डॉक्टर ह्यांना म्हणाले, “शाम तक नीचे नहीं आया, तो गले में नली डालके डायलिसिस करना पड़ेगा.”

मी झोपून ते ऐकत होते. खरं सांगते, मरणाची भीती मला त्या दिवशी वाटली नाही. भीती त्या नळीची होती. एकदा मशीनला लागले की शाळा गेली, गाव गेलं, मग आपण फक्त पेशंट, असं वाटत होतं. दर दोन तासांनी रक्त घेत होते. पोटॅशियम एकदा कमी झालं, मग तिथेच अडकलं. हे शेजारी बसून प्रत्येक आकडा वेळेसकट कागदावर उतरवून घेत होते.

संध्याकाळी साडेसहाला डॉक्टर आले. पोटॅशियम उतरलं होतं. “आज नहीं लगेगा,” ते म्हणाले. आज, एवढंच. मला तेवढं पुष्कळ होतं. मी पहिल्यांदा मोठ्याने रडले.

सुट्टी देताना त्यांनी माझ्यापुढे कोरा कागद ठेवला. “टीचर, आपके लोगों के उपवास में क्या-क्या चलता है, सब लिख के दीजिए.” मी पानभर लिहिलं, पुढे तेलुगू नावं घातली. ते एकेक वाचत गेले आणि मान हलवत गेले. आता मराठी पेशंट आला की ते आधी कागद काढतात. तुम्हाला किडनीचा आजार असेल आणि उपवास करायचा असेल, तर डॉक्टरांना उपवास हा शब्द सांगू नका. ताट सांगा, पदार्थांची नावं घेऊन. शेंदेलोणही मीठच आहे, हेही लक्षात असू द्या.

दिवाळीआधी पुन्हा तपासणी झाली. क्रिएटिनिन किंचित वाढून तिथेच थांबलं आहे. मशीन अजून लांब आहे. किती लांब ते कोणी सांगत नाही, आणि रिपोर्ट हातात येईपर्यंत मी अजून घोटा दाबून बघत असते. पूर्वी मला वाटायचं, सगळे नियम पाळले की भीती जाईल. ती जात नाही. तिच्यासकट फराळाला बसायचं, आणि अर्धी करंजी खाऊन उठायचं.

पण मला सांगायचं आहे ते दिवाळीनंतरच्या एकादशीचं. मी दवाखान्यातून आल्यापासून सासूबाईंनी बटाट्याला हात लावला नव्हता. बटाटे मी उकडले, एवढं एकच वाक्य त्यांनी एकदा भिंतीकडे बघून म्हटलं होतं. एकादशीला त्या तांदळाला हात लावत नाहीत. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना त्या दिवशी भात शिजवताना पाहिलेलं नाही. मुलं लहान असताना पोरांसाठीसुद्धा भात मीच टाकायची, त्या स्वयंपाकघराबाहेर बसायच्या. म्हणून त्या दिवशी मी ठरवलं होतं की शाळेतून आल्यावर स्वतःपुरता भात गुपचूप करून घ्यायचा.

घरी आले तर ताट वाढलेलं होतं. भात, पोटॅशियम कमी व्हावं म्हणून उकळून पाणी फेकलेल्या दुधी भोपळ्याची भाजी, मीठ नावाला. बाजूला सासूबाई बसल्या होत्या, हाताला अजून शितं चिकटलेली. त्यांनी स्वतः सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं.

“आई, एकादशी आहे.”

“मालूम आहे मले,” त्या म्हणाल्या. “तू खा. देवाले मी पाहून घेतो.”