स्वेलमानं बुजवलेला दात

स्वेलमाकडे दातांचं काम आलं, ते दुसरं कुणी तयार होईना म्हणून. निर्वासितांच्या छावणीतल्या दवाखान्यात ती जखमा बांधायची, बाळांची वजनं करायची. एका वर्षी बाहेरून एक डॉक्टरीणबाई आली आणि सहा आठवडे तिनं शिकवलं. वीज नको, यंत्र नको, चमच्यासारख्या टोकाच्या बारीक हत्यारानं दाताची मऊ झालेली कीड कोरून काढायची, कडक दात लागला की थांबायचं, आणि भुकटी न् द्रव कालवून केलेलं सिमेंट त्या खड्ड्यात दाबून भरायचं. शिकायला बसलेल्या सहा बायकांपैकी चार जणी दुसऱ्या दिवशी आल्याच नाहीत. पाचवीला पहिल्याच तोंडाच्या वासानं ओकारी झाली. राहिली स्वेलमा.

कामाला मात्र तोटा नव्हता. हमादाच्या त्या वैराण माळावर विहिरीचं पाणीच असं, की पोरांचे दात उगवतानाच तपकिरी. त्यात ट्रकनं येणारं पीठ, मसूर आणि साखर. चहा तर दिवसातून चार वेळा, आणि दर वेळी तीन पेले, साखरेचा सुळका फोडून फोडून घातलेला. डाग कुठे संपला आणि कीड कुठे लागली ते कुणाला कळायचं नाही. कळायचं तेव्हा पटाशीच्या दातांच्या फटींतून काळी भोकं पडलेली असायची.

सत्त्याण्णवच्या ऑगस्टात तिच्याकडे सिमेंटची एकच बाटली उरली होती, जेमतेम दहा दात होतील एवढी. पुढचा माल कधी येईल ते कुणी सांगत नव्हतं. शाळेतल्या सात मुलांची नावं तिनं लिहून घेतली होती. उन्हामुळे कालवलेलं सिमेंट दातापर्यंत पोचायच्या आत काचेवरच दगड व्हायचं, म्हणून ती बाटली ओल्या वाळूत पुरून ठेवायची आणि पहाटेच्या नमाजानंतर लगेच कामाला बसायची.

अशाच एका पहाटे देइदा तंबूच्या दाराशी येऊन उभा राहिला, तोंडावर फेट्याचा पदर घट्ट ओढून.

देइदाला अख्खी छावणी ओळखायची, आणि भिंतीपलीकडची माणसंही. बावीस वर्षांपूर्वी लढाई पेटली तेव्हा अर्धी घरं पळून इकडे आली, अर्धी मागे राहिली, आणि मधे शत्रूच्या सैन्यानं वाळूची भिंत घातली. पत्रं जात नव्हती. दर गुरुवारी संध्याकाळी देइदा छावणीच्या रेडिओवर निरोप वाचायचा: अमक्याच्या मुलीला मुलगा झाला, तमकी बरी आहे, फलाण्याचा भाऊ वारला. पलीकडे माणसं दारं लावून, आवाज बारीक करून ऐकायची. स्वेलमाची आईही. सतरा वर्षांची स्वेलमा शेजारणीबरोबर पळाली तेव्हा आई आजारी नवऱ्यापाशी पलीकडच्या लायून शहरात राहिली, ती राहिलीच.

"दाखवा भाऊ," स्वेलमा म्हणाली.

त्यानं पदर खाली केला. वरचे पुढचे चारही दात मधून पोखरलेले होते. एकाचा कोपरा तुटलेला.

"वसंतात बाहेरून दातांचे डॉक्टर आले होते, त्यांना नाही दाखवलंत?"

"दाखवलं की. म्हणाले, चारही उपटू. मी खुर्चीवरनं उठलो तो थेट घरी. अगं, माझं पोट या दातांवर नाही, पण माझी जीभ यांच्यावर आहे. ऐक." आणि त्यानं नेहमीसारखी सुरुवात केली, "सलाम अलैकुम..." 'स'च्या जागी फटीतून बारीक शिट्टी वाजली.

पलीकडच्या तंबूत पीठ मळणारी म्हातारी म्बेरिका हसली. "अरे देइदा, निरोप सांगतोस की बकऱ्या हाकतोस?"

"हस, म्हातारे. गेल्या गुरुवारी रेडिओचे प्रमुखसुद्धा हसले. म्हणाले, आता दुसऱ्या कुणाला बसवू." मग तो हळू आवाजात स्वेलमाला म्हणाला, "वीस वर्षं तिकडची माणसं माझा आवाज ओळखतात गं. नवा माणूस बसला तर त्यांना वाटेल सापळा आहे. बंद करतील रेडिओ. काहीतरी कर, पोरी. पाया पडतो."

स्वेलमानं शाळेतल्या मुलांच्या यादीकडे पाहिलं आणि कागद उलटा ठेवला. दहातले चार दात यांना दिले तर सातांपैकी एक मूल राहणार. पण तिच्या मनात दुसरंच काही होतं, आणि त्याची तिला लाज वाटत होती. महिन्याभरापूर्वी लायूनहून मॉरिटानियामार्गे फिरून आलेल्या एका माणसाकडून कळलं होतं, की आई अंथरुणाला खिळली आहे, डोळे गेले आहेत, आणि गुरुवारी रेडिओ कानाशी धरून पडून असते. स्वेलमानं निरोप लिहून दिला होता. येत्या गुरुवारी तो वाचला जायचा होता.

पहिल्या पहाटे दोन दात झाले. देइदा चटईवर उताणा, डोकं स्वेलमाच्या मांडीवर. ती हत्याराचं टोक फटीत घालून कीड कोरायची. ओल्या खजुरासारखा मऊ, तपकिरी चुरा बाहेर यायचा. मग दोन दातांच्या मधे पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी सरकवून सिमेंट भरायचं, आणि घट्ट होईपर्यंत पट्टी बोटानं दाबून धरायची. दुसऱ्या पहाटे तिसरा दात झाला. चौथ्याला तिनं हात घातला, आणि कीड संपेचना. आत, आणखी आत. मग खड्ड्याच्या तळाशी मोहरीएवढा लाल ठिपका दिसला.

तिचा हात थांबला. डॉक्टरीणबाईनं हे दहादा सांगितलं होतं: रक्त दिसलं म्हणजे नस उघडी पडली. तिथे तुझं काम संपलं. बुजवू नकोस, पाठवून दे.

पाठवायचं कुठे? मोठ्या इस्पितळातला दातांचा डॉक्टर ऑक्टोबरशिवाय परतणार नव्हता.

"काय झालं?" देइदानं विचारलं.

"काही नाही. दुखतोय का हा?"

"रात्री थोडा ठणकायचा. आता नाही. भर तू, परवा गुरुवार आहे."

परवा गुरुवार आहे, हे तिलाही कुणी सांगायला नको होतं. तिनं कापसानं रक्त टिपलं, सिमेंट कालवलं आणि ठिपका झाकून टाकला. उठल्यावर देइदानं तिच्या आरशाच्या तुकड्यात पाहिलं. दात पांढरट, सलग. "सलाम," तो म्हणाला. शिट्टी नाही. पुन्हा म्हणाला, "सलाम, सलाम, सलाम." पन्नाशीचा माणूस, आणि डोळे भरून आले त्याचे. स्वेलमानं मान वळवली आणि हत्यारं उकळायला ठेवली.

गुरुवारी सकाळी देइदाची बायको धावत आली. "स्वेलमा, चल लवकर. ह्यांचा चेहरा बघ."

वरचा ओठ नाकापर्यंत सुजला होता. डावा डोळा मिटलेला. अंगात भणभणता ताप. सिमेंटखाली पू अडला होता आणि त्याला बाहेर पडायला वाट नव्हती. वाट बुजवणारी तीच होती. तिनं सिमेंट उकरून काढलं. देइदा ओरडला नाही. त्यानं तिचं मनगट धरून ठेवलं होतं, इतकं घट्ट की नंतर चार दिवस वळ राहिले. थोडी घाण आली, सूज हटली नाही. दवाखान्यातल्या गोळ्या तिनं दिल्या आणि ती गाडीसाठी पळाली. एकुलती जीप पाण्याच्या टाकीच्या कामाला गेली होती. ती दुपारी आली. जीपमध्ये चढवताना देइदा काहीतरी बोलत होता, शब्द कळत नव्हते. त्याच्या बायकोनं कान लावला. "निरोपाचे कागद म्हणतात. कागद प्रमुखांकडे द्या म्हणतात."

संध्याकाळी स्वेलमा म्बेरिकाच्या रेडिओपाशी बसली. कुणा अनोळखी माणसानं सलाम केला आणि घाईघाईनं वाचायला सुरुवात केली, नावं अडखळत. सातवा निरोप तिचा होता. "लायूनच्या झैनाबूसाठी, तिच्या मुलीकडून. मी बरी आहे. मला दोन मुली आहेत, धाकटीला तुझं नाव दिलं आहे. तुला सोडून आले ते माफ कर." शेवटच्या दोन शब्दांवर वाचणारा खोकला आणि पुढच्या नावावर गेला.

"ऐकलं असेल गं तिनं," म्बेरिका म्हणाली. आज तिच्या आवाजात थट्टा नव्हती.

"तिला दिसत नाही, मावशी. आवाजच ओळखते ती. हा आवाज ऐकून त्यांनी बंद केला असेल रेडिओ."

देइदा इस्पितळात अकरा दिवस होता. दातांचा डॉक्टर नव्हताच, तिथल्या दुसऱ्या डॉक्टरनं दात उपटला आणि हिरडी चिरून पू काढला. परत आला तेव्हा निम्मा झाला होता. स्वेलमा त्याच्या तंबूत गेली ती उभीच राहिली.

"भाऊ, मला रक्त दिसलं होतं. बुजवायचा नसतो तसा दात. मला माहीत होतं."

देइदानं चहाचा पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "मरता मरता वाचलो मी, पोरी. हे तू मला तेव्हा सांगायला हवं होतंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता?"

"भर म्हणालो असतो. पण ते मी म्हणालो असतो." आणि त्यानं तोंड फिरवलं. त्या दिवशी त्यानं तिला चहा विचारला नाही. तिथे, त्या लोकांत, याहून मोठी शिक्षा नसते.

रेडिओवर तो पुन्हा बसला. उपटलेल्या दाताच्या खिंडीतून शिट्टी वाजायचीच. पण नव्या माणसाच्या तीन गुरुवारांनंतर प्रमुखांनी स्वतःच त्याला बोलावून नेलं होतं. आपली शिट्टी रोखायला तो जिभेचं टोक उरलेल्या तीन दातांना लावून सावकाश बोलायचा. ते तीन दात पक्के होते.

ऑक्टोबरच्या अखेरीस लायूनच्या मावसभावाचं पत्र हातोहात फिरत स्वेलमाला मिळालं. आई गेली होती. तारीख लिहिली होती: ऑगस्टातल्या त्याच गुरुवारनंतरचा सोमवार. शेवटच्या दिवसांबद्दल एकच ओळ होती. 'तो ओळखीचा माणूस बोलला नाही म्हणून फार तळमळत होती.' निरोप ऐकला की नाही, ते पत्रात नव्हतं.

ते पत्र घेऊन ती देइदाकडेच गेली, कारण पलीकडे निरोप द्यायचा तर दुसरं दार नव्हतं. त्यानं पत्र वाचलं, घडी घालून परत दिलं आणि बायकोला म्हणाला, "चूल पेटव. चहा ठेव." तिन्ही पेले झाले. मग त्यानं कागद पुढे ओढला. "सांग, काय लिहू?"

ज्या आईला सांगायचं ती राहिली नव्हती. शेवटी तिनं मावसभावासाठी निरोप सांगितला, की पत्र पोचलं.

शाळेतल्या सातांपैकी सहा मुलांचे दात तिनं त्या बाटलीतल्या उरलेल्या सिमेंटनं बुजवले, थोडं थोडं करून. सातव्या मुलीसाठी काही उरलं नाही. नोव्हेंबरात माल आला तेव्हा त्या मुलीचा पुढचा दात हिरडीपाशी मोडून पडला होता.

स्वेलमानं तिचं तोंड उघडून पाहिलं आणि शेजारचा दात कोरायला घेतला.