पाळण्यातला वरवंटा

मी हट्टी आहे हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं. आई म्हणायची, "हे पोट्टी देवाशीबी हुज्जत घालन." देवाशी घालायची वेळ कधी आली नाही, पण एकदा आईशी घातली आणि त्यात घरचा पाळणा मोडून बसले. ही गोष्ट साठ-एकसष्टच्या सुमाराची, कापूस वेचणीच्या दिवसांतली. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, नुकतीच मॅट्रिक झालेली. म्हणजे शहाणपण अगदी उतू चाललेलं.

आमचं गाव पुसदपासून दोन कोसांवर. घरचा पाळणा सागवानी, आढ्याला चार साखळ्यांनी टांगायचा. अख्ख्या पाळण्यात एक खिळा नाही, सगळं खुंट्यांवर बसवलेलं. कठड्यावर लाकडाचे राघू, आणि खाली एकच सलग फळी, लेकरांच्या पाठींनी गुळगुळीत झालेली. आमचा पणजोबा त्यात निजला होता म्हणत. पण आईला पणजोबाचं काही नव्हतं. तिची पहिली दोन लेकरं माहेरच्या झोळीत निजली आणि तिथंच गेली. तिसऱ्या वेळी तिनं सासरहून हा पाळणा मागवून घेतला. त्यात दादा निजला आणि जगला. मागून मी. तेव्हापासून घरात दागिना एकच, तो पाळणा. सोनं गेलं असतं तर आई एक दिवस रडली असती. पाळण्याला घुबडानं नुसतं पाहिलं तरी तिचा जीव खालीवर व्हायचा.

दादाचं सासर पांढरकवड्याचं. वहिनी पहिलटकरीण, म्हणून बाळंतपणाला माहेरी गेली होती. मुलगा झाल्याचं कार्ड आलं, वहिनीच्या आईनं लिहवून घेतलेलं. बाराव्या दिवशी बारसं आहे, सगळ्यांनी यावं, पाळण्याची तसदी घेऊ नये, नागपूरहून नवा लोखंडी पाळणा आणला आहे.

"तसदी?" आई ताडकन उठायला गेली आणि परत खाली बसली, कारण तिचा पाय मुरगळून भोपळ्याएवढा सुजला होता. "माह्या नातवाले लोखंडात निजवतेत काय? पाळणा जाईन. म्या न्याचा कसा पण?"

"मी नेतो ना," मी म्हटलं. बाबा आणि दादा वेचणी सोडून निघू शकत नव्हते. सोबतीला काका यायचे ठरले.

आता एक अडचण. रिकामा पाळणा हलवू नये, ही तर जगजाहीर गोष्ट. घरात कोणी चुकून धक्का दिला तरी आई धावत येऊन धरायची. आणि इथं तर बैलगाडी, मग मोटार, यवतमाळला दुसरी मोटार. दिवसभर तो हलणारच. तेव्हा तो रिकामा जाता कामा नये. आई म्हणाली, "शेरभर गहू पुरचुंडीत बांध अन् ठेव."

"गव्हाचं लेकरू कोनं पाह्यलं?" मी म्हटलं. "बारशाले आधी पाळण्यात वरवंटाच घालतेत ना? मंग वरवंटाच ठेवतो."

आमच्याकडे बारशाला बाळाआधी पाट्यावरचा वरवंटा धुऊन, कुंची घालून पाळण्याच्या खालून-वरून फिरवतात आणि आत निजवतात. पोर दगडासारखं टणक व्हावं म्हणून.

"ते घरात, घडीभर. दगड हाय तो बाई. फळी फुटन."

"लेकरू काय फुलाचं असते?"

आईनं कपाळाला हात लावला. "कर तुह्या मनानं. शिकली ना तू!"

केलं मनानं. वरवंट्याला कुंची घातली, नाड्या बांधल्या, गोधडीवर निजवला. वरून काजळाची तीटसुद्धा लावली. गाडीत कडबा अंथरून पाळणा पुसदपर्यंत नेला तो अगदी सुखरूप, आणि मी काकांना दहादा म्हटलं, "पाह्यलं काका? काही झालं काय?"

पुसदला कंडक्टर म्हणाला, पाळणा टपावर जाईल. मी भांडले. "टपावर लेकरू ठेवतेत काय?" शेजारच्या म्हातारीनं कुंची पाहिली आणि किंचाळली, "माय वं! जित्तं लेकरू टपावर टाकून राह्यली हे बाई!" चारजण धावले. कंडक्टरचा चेहरा पांढराफटक. कुंची उचलून दगड दाखवला तेव्हा सगळी मोटार हसली, आणि म्हातारीनं मला रागानं दिग्रसपर्यंत पान खायला विचारलं नाही. शेवटी काकांनी स्वतः वर चढून पाळणा दोरानं बांधला.

रस्ता काय सांगू! खड्डा चुकवला की दुसरा तयार. दिग्रस सोडलं आणि डोक्यावर आवाज सुरू झाला. धप्. थोडं गेलं की धप्. आर्णीपर्यंत लोक वैतागले. "कोनाची पेटी हाय वं ते?" म्हातारी म्हणाली. मीही तोंडसुख घेतलं. "लोकायले सामान बांधता येत नाही, अन् मोटारीत बसाले येतेत!" आर्णीला काका वर डोकावून आले. "लेकरू खुशाल हाय," म्हणाले. त्यांना फक्त वरची कुंची दिसली होती.

यवतमाळला पाळणा खाली उतरवला. फळी मधोमध उभी चिरली होती, कुंची वर फटीत अडकली होती, आणि वरवंटा तिच्या नाड्यांना लोंबकळत पाळण्याच्या खाली आला होता. सगळ्या वाटेनं मी ज्याला शिव्या घातल्या ते सामान माझंच होतं.

म्हातारी वाकून बघून म्हणाली, "बाळंतीण झाला वं तुहा पाळणा." मी तिथंच बसून रडले, लहान पोरासारखी, लाज न धरता. आईनं दोन लेकरं गेल्यावर ज्या फळीवर भरवसा टाकला, ती मी एका दिवसात फोडली होती. तीही आईनं बजावलेलं असताना.

"हमालानं पाडला म्हणू," काका हळूच म्हणाले. पांढरकवडा येईपर्यंत मी तेच घोकत होते. पण दारात वहिनीची आई उभी दिसली आणि माझ्या तोंडून सगळं खरं खरं बाहेर पडलं, गव्हाच्या पुरचुंडीसकट.

मला वाटलं, आता लोखंडी पाळण्याचं कौतुक ऐकावं लागणार. पण ती इतकी हसली, इतकी हसली की ओट्यावर बसलीच. मग फळीचे दोन तुकडे हातात घेऊन बघत राहिली. माझ्या आईच्या झोळीची गोष्ट तिला वहिनीकडून ठाऊक होती. ती म्हणाली, "सुताराले बोलवा."

बारसं दुसऱ्या दिवशी. सुतार म्हणाला, "एवढं रुंद जुनं सागवान उद्यापर्यंत कुठून आणू? ओलं लावलं त वाकन." ती आत गेली आणि दोन पाट घेऊन आली. तिच्या लग्नातले. एक तिचा, एक नवऱ्याचा. नवरा जाऊन सात वर्षं झाली होती, त्याचा पाट तेव्हापासून कोणी मांडला नव्हता. दोन्ही शेजारी ठेवले तर पाळण्याच्या तळाएवढे भरले, बोटभर जास्तच.

सुतारानं करवत हातात धरली आणि थांबला. "बाई, कापू?"

"काप," ती म्हणाली. "भिंतीले टेकून त्याचं काय होते?"

दुसऱ्या दिवशी घर बायांनी भरलं. मी आत्या, नाव ठेवायचा मान माझा. पाहते तर वहिनीची आई स्वयंपाकघराच्या दाराआड उभी. विधवा बाई पाळण्यापाशी येत नाही, हे सांगावं लागत नसे. माझं डोकंच फिरलं. मी गेले आणि तिचा हात धरून ओढलं. "मावशी, लेकरू तुमच्या पाटावर निजलं, अन् तुम्ही चुलीपाशी? पहिला झोका तुम्हीच द्या, नाही त मी नावच ठेवत नाही!" बाया कुजबुजल्या. ती नको नको म्हणत होती. पण तिनं झोका दिला.

घरी आल्यावर आईला मी सगळं सांगितलं. फळीचं ऐकून ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सुजलेल्या पायाला हळद लावता लावता तिनं विचारलं, "दोन्ही पाट देल्ले?"

"दोन्ही."

"नवऱ्याचाबी?"

"हो."

"अन् पहिला झोका तिनं देल्ला?"

मी मान खाली घातली. शुभ-अशुभाला आईइतकं भिणारं आमच्या घरात कोणी नव्हतं. आता बोलणी बसणार म्हणून मी वाट पाहत राहिले.

आईनं हळदीचे हात पदराला पुसले. मग म्हणाली, "बरं केलं. ज्याचं एकदा गेलं असते ना बाई, ते जपून हालवते."