अकरा पोरांचं एकच उत्तर

संजीवनी आमच्याच कॉन्डोत राहते, बुओना व्हिस्टाला. पुण्यात कॉलेजात इतिहास शिकवायची. नवऱ्याला, सारंगला, इथे परदेशात नोकरी लागली, ही त्याच्या पासवर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, मागून आली आणि आठ वर्षं घरात बसली. मग एका ट्युशन सेंटरने तिला घेतलं आणि स्वतःच्या नावाचा वर्क पास मिळाला. काय मिरवली होती बाई! सोसायटीतल्या सगळ्यांना फिल्टर कॉफी पाजली. नोकरी गेली की हा पास गेला, हेही तिला पक्कं ठाऊक होतं.

माझा राजस तिच्याच वर्गात. इथल्या ट्युशनची रीत अशी, की बाईंनी मॉडेल आन्सर द्यायचं आणि पोरांनी ते घोकून पेपरात ओकायचं. संजीवनीला त्याची भयंकर चीड. "स्वतःचं डोकं चालवा रे," म्हणून घसा फोडायची.

जुलैत मॅन्डेटचा धडा आला. पहिल्या महायुद्धात जर्मनी आणि तुर्कस्तान हरले, त्यांच्या ताब्यातले मुलूख जिंकलेल्यांनी घेतले. पण 'आमचे' म्हणायचं नाही! राष्ट्रसंघाने कागद करून दिला, की ही माणसं जोवर स्वतःच्या पायावर उभी राहू शकत नाहीत, तोवर तुम्ही यांना सांभाळा. पॅसिफिकमधल्या नाउरू बेटाला असं सांभाळलं, की खतासाठी तिथला फॉस्फेट उपसून बेट पोखरून काढलं. बेटावरच्या माणसाला तक्रार करायची तर अर्ज राज्य करणाऱ्यांच्याच हातून पाठवायचा. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, दुसरं काय!

राजसने हात वर करून विचारलं, "पण टीचर, हा हक्क त्यांना दिला कोणी?"

संजीवनी मनापासून खूश झाली आणि बोलून गेली, "कोणीच नाही. चोरांनी लूट वाटून घेतली आणि स्वतःच स्वतःला पावती लिहून दिली."

पुढच्या महिन्यात शाळेच्या परीक्षेत तिच्या वर्गातल्या अकराच्या अकरा पोरांनी हेच वाक्य लिहिलं. शब्द न् शब्द तोच. बाई बोलल्या म्हणजे ते मॉडेल आन्सरच, नाही का? पुस्तकातले मुद्दे नाहीत म्हणून शाळेने सगळ्यांचे मार्क कापले. मी राजसला फैलावर घेतलं, तर खांदे उडवून इथल्या पोरांच्या सुरात म्हणाला, "टीचर सेड सो, लाह."

आईबापांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप नुसता पेटला. सेंटरच्या मालकिणीकडे तक्रारीचं पत्र गेलं. त्यावर माझीही सही आहे. हो, आहे. का लपवू?

मालकिणीने संजीवनीला सांगितलं, लेखी माफी मागा आणि उत्तर दुरुस्त करून द्या, नाहीतर पास रिन्यू होणार नाही. ती तडक माझ्याकडे आली.

"मीनल, निदान तू तरी सही करायची नव्हतीस गं."

"अगं, पण त्याचे मार्क—"

"इतक्या दिवसांत वर्गात एक खरा प्रश्न आला. तो तुझ्या मुलाने विचारला!"

मी म्हटलं, "कशाला वाकड्यात शिरतेस? दे लिहून आणि मोकळी हो." सारंगनेही तेच सांगितलं होतं म्हणे. ती तशीच उठून गेली. मला तिचा रागच आला. स्वतःची लाज वाटली की मला दुसऱ्याचा राग येतो.

तिने माफी लिहिली. नवं उत्तरही स्वतःच तयार केलं, चार मुद्द्यांत: प्रगत राष्ट्रांनी मागासलेल्या लोकांना पवित्र विश्वस्त म्हणून हात दिला, वगैरे वगैरे. वर्गात कागद वाटले, तेव्हा राजसने विचारलं, "टीचर, मग यातलं खरं उत्तर कुठलं?"

"ज्याला मार्क पडतात ते," ती म्हणाली.

हे त्यानेच मला जेवताना सांगितलं, सहज. वार्षिक परीक्षेत त्या प्रश्नाला त्याला पैकीच्या पैकी मार्क पडले, आणि मला मेलीला आनंद झाला.