कनातीमागची टेप

“आमची कुजबुज नको असंल तर दुकानातली कॅसेट घ्या की अण्णा, तिच्यात कुणीच न्हाय,” असं फातिमाबी एकदा गुरुलिंगला दारात उभी राहून म्हणाली होती.

तेव्हा ती ऐन तिशीत होती. जळकोटला हमरस्त्याच्या मागच्या गल्लीत ब्लाऊज शिवायची. नवरा चाँदपाशा बांगड्यांची पेटी सायकलला बांधून बाजार करत फिरायचा. गुरुलिंग गावातल्या भुसार दुकानदाराचा मुलगा. कव्वालीचं वेड असं की बाप त्याला दुकानात शोधायचा आणि तो कुठल्यातरी उरुसात सापडायचा.

त्या काळात ही वेडी माणसं पुष्कळ होती. लोहाऱ्यात होती, उमरग्यात होती, पार आळंद-बिदरपर्यंत होती. टेकडीवरच्या दर्ग्याच्या उरुसाला दरसाल नादिर बेदरी कव्वाल यायचा. त्याच्या कॅसेटी दुकानात मिळत, पण त्यांत तो इस्त्री केलेल्या सदऱ्यासारखा गायचा. सुरकुती नाही, घाम नाही. उरुसात मात्र तोच माणूस एका ओळीवर बसला की उठायचा नाही. ती ओळ उलटीपालटी करायचा, समोरच्याला चिडवायचा, स्वतःच रडायचा. हे ज्यांनी ऐकलं होतं त्यांना दुकानातली कॅसेट गोड लागेना. म्हणून ते चोरून टेप करत.

चोरून, कारण कव्वालाच्या पार्टीला, म्हणजे त्याच्या संचाला, ते चालत नसे. तिचा एक माणूस गर्दीतून फिरायचा आणि कुणाच्या मांडीवर टेपरेकॉर्डरचा सेट दिसला की उचलून न्यायचा. यावर पुरुषांनी तोड काढली होती. माईकवाल्याशी दोस्ती करायची. तो मशीनमधून एक वायर काढून द्यायचा, ती स्टेजच्या खालून गुपचूप आपल्या सेटला लावायची. आवाज अगदी चोख यायचा. मग ह्या टेपा गावोगाव फिरत. पैसा कुणी मागायचा नाही, कुणी देऊ केला तर अपमान समजायचा. टेपला टेप. तुझा बिदरचा उरूस, माझा जळकोटचा.

फातिमाबीला ह्या व्यवहारात कुणी धरलंच नव्हतं. बायका कनातीच्या मागे बसायच्या. तिथून कव्वाल दिसायचा नाही, नुसता ऐकू यायचा. तिथं कुणी सेट शोधायलाही यायचं नाही. फातिमाबी मलिद्याची टोपली घेऊन जायची. मलिदा दर्ग्यात नियाज म्हणून चढवला की रिकाम्या टोपलीत सेट, वर ओढणी. टोपली मांडीवर. कव्वाल आणि तिच्यामध्ये एक कापड असायचं, सेट आणि कव्वालामध्ये दोन.

त्यामुळं तिच्या टेपांत सगळंच यायचं. काकणं वाजायची. पोरं रडायची, कुणीतरी त्यांना दटावायचं. कुणाची सून कशी, कुणाच्या म्हशीनं दूध का चोरलं, हेही यायचं; आणि मधेच गाणं काळजात घुसलं की एकदम सगळ्या गप्प व्हायच्या, तो गप्पपणाही यायचा. हिंदू बायकाही असायच्या. शेजारची लिंगायताची दगडाबाई तर दरसाल. तिला उर्दू कळायचं नाही. “कळायला कशाला पायजे,” म्हणायची, “रडू येतंय न्हवं.”

ह्या टेपांना पुरुष ‘जनाना टेप’ म्हणून हसत. हसू देत. बायकांचा त्यांचा वेगळाच व्यवहार होता. पोरगी लग्न होऊन गुलबर्ग्याला गेली की तिच्या ट्रंकेत, शालूच्या घडीत एक टेप जायची. पहिल्या सणाला माहेरी आली की तिकडची एखादी घेऊन यायची. नक्कल करायची म्हणजे बंद खोलीत दोन सेट समोरासमोर ठेवायचे, पंखा बंद करायचा आणि श्वास धरून बसायचं. तरी कोंबडा आरवायचाच, सासू खोकायचीच. ती नक्कल पुढच्या घरी गेली की तिथला पाळणा करकरायचा. एकच कव्वाली चार घरं हिंडून आली की चार घरं घेऊन यायची. फातिमाबीला ते खराब झालं असं कधी वाटलं नाही. तिला वाटायचं, आता कुठं भरली.

मग ते साल आलं. नादिर बेदरी रंगात आला होता, एका ओळीवर फिरत होता, आणि वीज गेली. भोंगे मुके झाले. स्टेजखालच्या वायरीही मुक्या झाल्या. पुरुषांच्या सगळ्या टेपा त्या क्षणाला संपतात. पुढं नुसती खरखर. फातिमाबीचा सेट सेलवर चालत होता. त्यात कव्वाल थांबलेला ऐकू येतो. गलका होतो. मग अगदी जवळून, सेटच्या शेजारून, दगडाबाईचा खणखणीत आवाज येतो: “लाईट गेली तर गेली, तू कशाला थांबतुस रं? तुझा गळा काय विजेवर चालतुय व्हय?”

आधी बायका हसतात. मग कनातीपलीकडं पुरुष हसतात. मग लांबून, बिनमाईकचा, कव्वाल हसतो. म्हणतो, “नहीं अम्मा, गला तो दुआ पे चलता.” आणि गायला लागतो. उघड्या गळ्यानं, टाळ्यांच्या ठेक्यावर, कुणी कधी ऐकला नव्हता तसा. पुढच्या उरुसाच्या आधीच तो वारला.

ही टेप आपल्या भागात एकाच घरी आहे, हे कळायला वेळ लागला नाही. गुरुलिंग दारात आला तो तेव्हा. दुरुस्ती करून घेईन म्हणाला, बायकांची बडबड तेवढी कमी करता आली तर बघतो म्हणाला. त्यावर फातिमाबीनं ते कुणीच-न्हाय वालं ऐकवलं. गुरुलिंग वरमला.

“मग काय देऊ बदल्यात, भाबी? आळंदची हाय, बेदरची हाय.”

“कायबी नको. इथं वसरीवर बसा आन् सगळी ऐका. मधी फिरवायची न्हाय.”

तो बसला. चहा झाला. टेपेत एका जागी एक बाई म्हणत होती, “फटीतनं बघ, त्यो भुसारवाल्याचा गुरुलिंग, वायर धरून बसलाय, म्हशीचं दावं धरल्यावानी.” ते आलं तेव्हा शिवणयंत्राआडून फातिमाबीनं पाहिलं. गुरुलिंग पोट धरून हसत होता. मग तिनं त्याला नक्कल करू दिली. पण ती पुढं त्याच्याच ओलसर कोठारात बुरशी लागून गेली. मूळ टेप फातिमाबीपाशी राहिली. चाँदपाशा गेला, दगडाबाई गेली. त्या कनातीमागच्या बहुतेक गेल्या.

यंदाच्या उन्हाळ्यात गुरुलिंग पुन्हा आला. आता काठी टेकत. मोबाईलवर जुन्या टेपवाल्यांचा गट झाला होता, त्याचा तो पुढारी. लोहाऱ्याला एका मंगल कार्यालयात मेळावा ठरला होता. नादिर बेदरीची ती महफिल सगळ्यांना ऐकवायची, मग इंटरनेटवर टाकायची, आणि मूळ टेप तिथल्या वाचनालयात काचेच्या कपाटात कायमची ठेवायची.

“माझ्यामागं ती भंगारातच जाणार,” फातिमाबी म्हणाली. हे तिच्या मनात बरेच दिवस होतं. “न्या. पण जशी हाय तशी वाजवायची.”

“जशी हाय तशी, भाबी.”

गुरुलिंगचा पुतण्या सोमेश पुण्याला आवाजाचंच काम करतो. तो टेप घेऊन गेला.

मेळाव्याच्या दिवशी फातिमाबी शेअर जीपमधून लोहाऱ्याला गेली. दारात रांगोळी होती. आत पांढऱ्या डोक्यांची गर्दी. पुढच्या टेबलावर जुने सेट मांडलेले, त्यांत तिची टेप लाल मखमलीवर. एक जण माईकवर सांगत होता, त्याच्याकडून उरुसात सेट हिसकावला तेव्हा त्यानं पार्टीच्या माणसाचा हात कसा चावला. “दात होते तवा,” मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. फातिमाबीही हसली. ही माणसं तिला परकी नव्हती. त्यांचं वेड आणि तिचं वेड एकच होतं, मधे फक्त कनात होती.

तिला पहिल्या रांगेत बसवलं. शाल अंगावर आली. मग सोमेशनं संगणकाचं बटण दाबलं.

नादिर बेदरी उभा राहिला. खरंच, जणू समोर येऊन उभा राहिला. इतका स्वच्छ तिनं त्याला कधी ऐकला नव्हता. लोकांनी माना डोलवल्या. तिनंही डोलवली, आणि काकणांची वाट पाहू लागली. काकणं आली नाहीत. पोरगं रडायला हवं होतं तिथं रडलं नाही. म्हशीच्या दाव्याची गोष्ट आली नाही. कव्वाल एका रिकाम्या जागी गात होता. झाडलेल्या, पुसलेल्या, माणूस नसलेल्या.

मग टेपेतली वीज गेली. गाणं थांबलं. काही नाही. आणि त्या काही-नाहीतून कव्वाल एकटाच हसला. म्हणाला, “नहीं अम्मा, गला तो दुआ पे चलता.”

कुणाला म्हणाला? सभागृहात एकालाही हा प्रश्न पडलेला दिसला नाही. टाळ्या पडल्या. दगडाबाईला फातिमाबीनं स्वतःच्या डोळ्यांनी पुरताना पाहिलं होतं, ते एकदा. हे दुसऱ्यांदा.

ती उठून सोमेशकडं गेली. “बाई कुठं गेली, बेटा?”

“कुठली बाई, चाची?”

“ज्या बाईला त्यो बोलतुय.”

“हां, ते. गर्दीचा आवाज लई होता चाची. लई दिवस बसून काढला. आता कसं कव्वाल तेवढा राहिला.”

“आन् पयली, आवाज न काढलेली?”

“ती पुसली. संगणकात जागा खात होती. मूळ टेप हाय की.”

तिनं गुरुलिंगकडं पाहिलं. तो माईक हातात घेऊन उभा होता. त्याचं तोंड बघूनच तिला समजलं की त्याला माहीत होतं.

“अण्णा, तुमी ऐकली होती. माझ्या वसरीवर.”

“भाबी, तवाची गोष्ट येगळी,” गुरुलिंग आवाज खाली आणून म्हणाला. “आता हे जगभर जाणार. लोकं गाणं ऐकायला येतेत. त्यात बायका दूध, सून, आमची चेष्टा... कसं दिसंल? गाणं तर सगळं हाय की. एक सूर गेलेला न्हाय.”

“म्हंजी मखमलीवरची ती टेप कपाटात जाणार, आन् लोकं ही ऐकणार.”

“मूळ जपूनच ठेवणार की, भाबी. कुलपात.”

“कुलपात,” ती म्हणाली. “कनात बरी होती. कनातीतून आवाज तरी जायचा.”

मागं कुणीतरी खाकरलं. गुरुलिंगला प्रसंग सावरायचा होता. त्यानं माईक तोंडाशी नेला, “आता भाबी त्या महफिलीची आठवण सांगतील,” असं जाहीर केलं आणि माईक तिच्यापुढं धरला. लोक टाळ्या वाजवून गप्प झाले.

फातिमाबीनं माईक घेतला. टेबलाशी गेली, मखमलीवरची टेप उचलली, शेजारच्या एका सेटमध्ये घातली आणि माईक त्याच्या जाळीला टेकवला. सोमेश पुढं झाला. “चाची, जुनी टेप हाय, तुटंल.”

“तुटू दे. माझी हाय.”

टेप वीज जाते त्याच्या थोडं आधीच कुठंतरी थांबलेली होती. खरखर आली. मग काकणं. मग एक पोर रडलं आणि सगळ्या सभागृहात रडलं. पुरुष एकमेकांकडं बघून हसू लागले, जसं पूर्वी हसायचे तसं. “बंद करा,” मागून कुणीतरी म्हणालं. “त्यो भुसारवाल्याचा गुरुलिंग,” टेपेतली बाई म्हणाली, आणि दाव्याचं सगळं बोलून झालं. आता मोठ्यानं हशा पिकला. गुरुलिंगचा हात आवाजाच्या खटक्याकडं गेला. फातिमाबीनं त्याच्या हातावर हात ठेवला नाही, त्याला अडवलंही नाही. नुसतं बघत राहिली. हात खटक्यावर तसाच राहिला.

मधल्या रांगेतला एक जण, उमरग्याचा महांतप्पा, मात्र हसत नव्हता. “ही आमची आई,” तो शेजाऱ्याला म्हणाला. “ही म्हशीचं बोलती ती. आमची आई हाय ती.” शेजाऱ्यानं त्याला गप्प बस म्हणून खुणावलं. महांतप्पा गप्प बसला नाही. परत तेच म्हणाला, पुढं फातिमाबीपर्यंत ऐकू गेलं इतक्या मोठ्यानं.

गाणं थांबलं. गलका झाला. दगडाबाई बोलली. तिच्या आवाजानं माईकनं शीळ घातली, काही जणांनी कानांवर हात ठेवले. बायका हसल्या, पुरुष हसले, लांबून कव्वाल हसला. आता तो कुणाला अम्मा म्हणाला हे सगळ्यांना ऐकू आलं. तो गायला लागला, दुरून, कापडामागून, निम्मा काकणांत बुडालेला. ह्या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. कुणाला आवडलं आणि कुणाला नाही, ते कळायला मार्ग नव्हता, आणि फातिमाबीला ते कळून घ्यायचंही नव्हतं.

ओळ पुरी झाली तशी तिनं टेप थांबवली, बाहेर काढली, ढिली पडलेली फीत करंगळीनं गुंडाळली.

“भाबी,” गुरुलिंग म्हणाला. आता त्याच्याकडं माईक नव्हता, म्हणून ते फक्त पुढच्या रांगेला ऐकू गेलं. “सोमेश पुन्हा नव्यानं करील. सगळ्या आवाजासकट. टेप ठेवून जावा. शब्द देतो.”

तिनं शाल काढून घडी घातली आणि त्याच्या हातात दिली. टेप पिशवीत टाकली. महांतप्पा खुर्चीतून अर्धा उठला होता, त्याला तिनं मान हलवून सोबत यायची खूण केली. मग खुर्च्यांच्या दोन रांगांमधून, कुणाकडं न बघता, फातिमाबी दाराकडं चालत गेली आणि बाहेर पडली.