फणेरपेटीतला आरसा

माझ्या पायांतले तोडे आणि माहेरचा चांदीचा कमरपट्टा आमच्या ह्यांनी तेजाबात विरघळवला. मला विचारलं नाही. सोनाराच्या घरातली सून मी, चांदी वितळताना पुष्कळ पाहिली होती, पण वितळलेली चांदी पुन्हा कशाच्या तरी आकाराला येते. ही आली नाही. बाटलीत पाण्यासारखी झाली आणि त्या पाण्यातून पुढे लोकांचे चेहरे निघाले. आजही कर्जतमध्ये कोणाच्या भिंतीवर ह्यांनी काढलेली जुनी तसबीर दिसली की मला आधी माझे तोडे आठवतात.

सासऱ्यांच्या ऐरणीवर बसणं ह्यांना कमीपणाचं वाटे. कर्जतला घाटाचं इंजिन जोडायला गाड्या थांबतात, उतारू खाली उतरतात, चहापाणी करतात. अशाच एका मुक्कामाला आलेल्या फिरत्या फोटोग्राफरच्या मागे हे दोन महिने हिंडले आणि परत आले ते कॅमेरा घेऊन. भिसेगावात स्टेशनापासून जवळ दोन खोल्या भाड्याने घेतल्या. मागची खोली काळोखी केली, पुढच्या अंगणात चादर टांगली आणि पाटी लावली. गिऱ्हाईक कोणी येईना, कारण ह्यांना फोटो काढता येत नव्हता.

मग ते माझ्यावर शिकले. भर उन्हात खुर्चीवर बसवायचे, मानेला मागून लोखंडी चिमटा लावायचे आणि म्हणायचे, "हलू नकोस." पापणी लवली की पत्रा वाया आणि पत्रा वाया गेला की शिवी. चैत्रातल्या उन्हात मी दिवसदिवस बसले आहे. डोळ्यांतून पाणी गळायचं, तर म्हणायचे, गालावर ओघळ दिसतो, पुसून ये. चिमट्याने मानेवर पडलेला वण पुढे कित्येक वर्षं गेला नाही. लोक म्हणत, काय हात बसलाय ह्यांचा! हात कशावर बसला ते मला ठाऊक.

त्यांचं काम पत्र्यावरचं. काळं रोगण दिलेला पातळ लोखंडी पत्रा, त्यावर औषध, मग चांदीचं पाणी. ओला असतानाच तो कॅमेऱ्यात घालायचा आणि ओला असतानाच धुऊन काढायचा. धुण्याचं काम माझं, म्हणून बोटं कायमची काळी. हळदीकुंकवाला बायका माझ्या हाताकडे बघून कुंकू लांबूनच लावायच्या. ह्या पत्र्याची एक खोड होती. त्यावर माणूस आरशातल्यासारखा उलटा उमटतो. उजवा हात डावा होतो. एका इनामदाराने स्वतःला डाव्या हातात काठी धरलेला बघून अंगणात असा काही आरडाओरडा केला, की उतारू गाडी सोडून बघायला आले. तेव्हापासून हे पुरुषांना काठी आधीच दुसऱ्या हातात द्यायला शिकले. बायकांच्या नथीचं मात्र काही करता येईना. माझी स्वतःची तसबीर ओट्यावर नमुना म्हणून टांगलेली होती, तिच्यात नथ उजव्या नाकपुडीत.

पोटापाण्याला लावलं ते मेलेल्यांनी. घाटात रूळ ओलांडताना, डब्यावरून पडून, कधी उन्हाने माणसं मरत. लांबलांबची माणसं, कोणाची कोण ते कळायचं नाही. उन्हाळ्यात प्रेत ठेवता येत नाही. म्हणून फौजदाराने ह्यांना सांगितलं, की अशा बेवारशी प्रेताचा फोटो काढून ठेवत जा, माणसं शोधत आली की दाखवू. हे काम ह्यांना फार मानवलं. मेलेला हलत नाही. हे त्यांचं तोंड धुवायचे, केस सारखे करायचे, पापण्या अलगद उघडायचे. मान वळवताना इतक्या हळुवार हाताने वळवायचे की दारात उभी राहून बघताना माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्या फोटोंमुळे नाव झालं. ज्याला मेलेला माणूस जिवंत दाखवता येतो, तो जिवंताला देखणा दाखवीलच, असं म्हणून लोक येऊ लागले. फौजदाराचं काम सुटलं तर सगळंच सुटेल, हे ह्यांना पक्कं माहीत होतं आणि त्यासाठी ते त्याच्यापुढे नको तेवढे वाकत.

एका वर्षी वैशाखात रुळाशेजारी एक तरुण गडी मरून पडलेला सापडला. अंगावर नुसती लंगोटी, भुवईवर जुनी खोक. हे म्हणाले, आजवरचा सगळ्यात चांगला पत्रा. खरंच होता. ओठ किंचित उघडे, आता काही बोलेल असा. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी प्रेत नदीकाठी जाळून टाकलं.

पुढच्या आठवड्यात कोंडाण्याहून तिघं चालत आली. म्हातारा सासरा, दीर आणि कडेवर मुलगा घेतलेली सून. फौजदार जेवायला गेला होता, म्हणून त्यांना आमच्याच ओट्यावर बसवलं. दीर आणि म्हातारा झाडाखाली विडी ओढत राहिले. मी बाईला पाणी दिलं. तिने आधी मुलाला पाजलं, मग स्वतः प्याली.

"मालक घाटात कामाला गेलेलं," ती म्हणाली. "होळीपासनं खबर नाय."

मी म्हटलं, "येतील. दुसरंच कोणीतरी असेल."

"नसंल तर बरं." तिने झाडाकडे बघून आवाज उतरवला. "दीर खालापूरच्या एका बिजवराशी बोलून आलाय, बाई. आजून कळलं बी नाय काय ते, आन् हा बोलून आला. मालक गेल्याचं कळलं की मला पाटाला देनार. पोरगं ठेवून घेनार. जमीन पोराच्या नावाची, म्हून."

त्यांच्यात तशीच रीत. विधवा बाईने पाट लावला की ती एकटी नव्या घरी जाते, मूल पहिल्या नवऱ्याच्या घरी राहतं. मुलगा तिच्या गळ्यातल्या काळ्या मण्यांशी खेळत होता. तिचं लक्ष भिंतीवर गेलं.

"ह्या तुमीच ना? नथ अशी उजवीकडं कशी?"

मी सांगितलं. विषय बदलला म्हणून मला बरंच वाटलं. पत्र्यावर सगळं उलटं येतं, डाव्याचं उजवं होतं, इनामदाराची गोष्टही सांगितली. ती हसली नाही. परत विचारलं, "सगळ्यांचं उलटं येतं?" मी हो म्हटलं. त्यावर ती मुलाला थोपटत राहिली.

फौजदार आला. हे आतून पत्रा घेऊन आले, फडक्याने पुसून. म्हाताऱ्याने डोळ्याशी धरला, त्याला काही दिसेना. दिराने एकदा बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "दादाच हाय! दादाच!" मग पत्रा तिच्या हातात आला.

ती किती वेळ बघत होती! तिचा अंगठा हळूच त्या उघड्या ओठांवर गेला आणि तिथेच राहिला. मी बायको आहे, मला कळलं. नंतर तिने पत्रा फौजदारापुढे धरला आणि आवाज न चढवता म्हणाली, "सायेब, ह्यो माजा मानूस नाय. माज्या मानसाच्या डाव्या भिवईवर खोक हाय. म्हशीनं शिंग मारल्याली. ह्याच्या उजव्या भिवईवर हाय."

"वयनी, नीट बग गं!"

"बगितलं. तुमी सांगा मामंजी, डाव्या का उजव्या?"

"डाव्याच," म्हातारा म्हणाला. पोरगा जिवंत असेल ह्या आशेने त्याने मान वर केली. दिराचं तोंड उतरलं. मी मनातल्या मनात देवाला म्हणत होते, सुटू दे हिला.

फौजदाराने पत्रा ह्यांच्याकडे फेकला. "खूण जुळत नाही. असले फोटो काय कामाचे, हो? दुसरा कोणी फोटोवाला बघायला हवा."

तेवढं बोलला नसता तर! ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "रावसाहेब, फोटो बरोबर आहे. पत्र्यावर उलटं उमटतं. आत्ता दाखवतो. अगं, आरसा आण."

"आरसा फुटला," मी म्हटलं.

"कधी?"

"काल. हातातून पडला."

ते माझ्याकडे बघतच राहिले. सकाळी त्याच आरशात बघून मी कुंकू लावलं होतं आणि त्यांनी ते पाहिलं होतं. लोकांसमोर मला हाताने बाजूला सारून ते आत गेले आणि माझी फणेरपेटी घेऊन बाहेर आले. लग्नातली पेटी, झाकणाला आतून आरसा, खाली फणी आणि करंडा. मी पदर तोंडाशी धरून उभी राहिले. झाकण उघडताना करंडा कलंडला, कुंकू त्यांच्या धोतरावर सांडलं, तरी त्यांना भान नव्हतं. पत्रा आरशासमोर धरून ते म्हणाले, "आता बघा."

आरशात खोक डाव्या भुवईवर होती.

म्हातारा खाली बसला. दीर जराही थांबला नाही. तिचे दोन्ही हात धरून आमच्या ओट्याच्या दगडावर आपटले. बांगड्या फुटल्या, मनगटातून रक्त आलं, मुलगा कडेवरून घसरून रडू लागला. तो त्याने उचलून म्हाताऱ्याकडे दिला. फौजदार ह्यांना म्हणाला, "शाबास, डोकं आहे तुम्हाला." हे हात जोडून हसत होते. त्या हसण्याची मला आजही शिसारी येते.

जाताना ती माझ्यापुढे थांबली. "बाई, आरसा तुमचा हाय?"

मी मान हलवली.

"मंग जपा त्याला," ती म्हणाली आणि दिराच्या मागे गेली. शाप दिला की काळजीने सांगितलं, मला आजवर ठरवता आलेलं नाही.

ती मला पुढे एकदाच दिसली, कर्जतच्या बाजारात. कोंडाण्याची माणसं बाजाराला येतात म्हणून खालापूरहून चालत आली होती. मुलगा आजोबाचं धोतर धरून उभा होता, मोठा झाला होता. तिने लांबून गुळाचा खडा पुढे केला. त्याने तिच्याकडे बघितलं, ओळखलं नाही आणि म्हाताऱ्याच्या मागे लपला. तिने खडा परत पदराला बांधला.

ह्यांचा धंदा मात्र त्या दिवसापासून असा चालला की बस. कोर्टातली माणसं येऊ लागली, नवा कॅमेरा आला. मला तोडे करून देतो म्हणाले, दिले नाहीत. नंतर गाठीच्या तापाची साथ आली आणि त्यात हे गेले. माझ्या दिरांनी कॅमेरा मागितला. मी म्हटलं, ह्यात माझी चांदी आहे, हात लावून तर बघा. पडदानशीन बायका पुरुषासमोर बसत नाहीत, त्या माझ्याकडे येऊ लागल्या, आणि त्यावर माझं चाललं आहे. मी कोणाच्या मानेला चिमटा लावत नाही. थोड्या हलतात, चालतं.

ह्यांची एकच तसबीर आहे, मीच काढलेली. डाव्या गालावर तीळ होता, पत्र्यावर तो उजव्या गालावर आहे. परवा भिंत सारवायला काढली तेव्हा तसबीर हातात घेऊन मी त्या कोंडाण्याच्या बाईचंच वाक्य मोठ्याने म्हणून पाहिलं, "ह्यो माजा मानूस नाय." मग फणेरपेटी काढली आणि तसबीर आरशासमोर धरली. तीळ जागेवर आला. वाक्य तरीही खोटं झालं नाही. मी पेटी मिटली आणि ओट्यावर नथ घालून ताटकळत बसलेल्या बाईला आत बोलावलं.